दुखण्याचं औषध कोणत्या मार्गानं घ्यायचं? गोळी, सुई, पंप, कांडी, जेल, पट्टी आणि रुग्णाचं समाधान

पुण्यातल्या कुठल्याही रुग्णालयात सकाळच्या राऊंडला डॉक्टर विचारतात, "काय काकू, आराम आहे ना?" आणि रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेल्या काकू मान हलवतात. डॉक्टरांना वाईट वाटू नये, रात्री दोनदा येऊन गेलेल्या सिस्टरला बोल लागू नये, एवढाच त्यांचा विचार असतो. केसपेपरवर 'आराम' लिहिलं जातं आणि औषध आहे तेच चालू राहतं.

वेदनाशामकांबद्दल रुग्ण समाधानी आहे का, हे तपासताना ही अडचण जगभर येते. बरंच दुखत असलेले रुग्णही "उपचार चांगले झाले" असं सांगतात, कारण ते माणसांच्या वागणुकीला गुण देत असतात. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत: दुखणं किती कमी झालं, आणि औषध ज्या पद्धतीनं मिळालं ती पद्धत रुग्णाला मानवली का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. मागितल्यावर औषध किती वेळात हातात आलं, कधी आणि कसं घ्यायचं यात रुग्णाचं काही चाललं का, आणि किती वेळानं किती उतार पडेल हे त्याला आधी सांगितलं होतं का. खाली प्रत्येक मार्ग याच तीन कसोट्यांवर पाहिला आहे. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. इथले आकडे समज यावी आणि चुका पकडता याव्यात म्हणून दिले आहेत.

आधी दुखण्याचं माप घ्या

0 म्हणजे अजिबात दुखत नाही आणि 10 म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट दुखणं. या मापात तीन आकडे घ्यायचे: पडून असताना, हालचाल करताना, आणि गेल्या 24 तासांतला सर्वांत वाईट. हालचालीचा आकडा बहुतेक वेळा विचारलाच जात नाही आणि खरी गोम तिथेच असते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पडून असताना 2 आणि खोकताना 8 असेल, तर रुग्ण खोकला दाबतो, श्वास आखडता घेतो, छातीत कफ साठतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. अशा रुग्णाला "आराम आहे" म्हणता येत नाही.

औषध घेतल्यावर आकडा निदान 2 नं किंवा मूळच्या साधारण 30 टक्क्यांनी उतरला, तर रुग्णाला फरक खरोखर जाणवतो. 8 चा 7 होणं हा उतार धरू नये. वयस्कर माणसांना आकडे सांगणं जड जातं, त्यांना "रुपयात किती आणे फरक पडला?" असं विचारा. चार आणे म्हणजे पाव भाग, अजून अपुरा. आठ आणे म्हणजे निम्मं दुखणं गेलं, औषध चांगलं लागू पडलं. ज्यांना सांगता येत नाही, उदाहरणार्थ स्मृतिभ्रंश झालेले आजोबा, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या, कण्हणं, हात लावू न देणं, श्वासाची धाप आणि समजूत घातल्यावर शांत होतात की नाही, एवढं पाहायचं.

दुखतं कसं, हेही सांगा. ठणका आणि ठसठस बहुधा सूज किंवा जखमेची असते. पोटात येऊन-जाऊन उठणाऱ्या कळा आतड्याच्या किंवा मुतखड्याच्या असू शकतात. जळजळ, मुंग्या, विजेसारखी चमक, नुसता कपडा लागला तरी सहन न होणं ही मज्जातंतूंच्या, म्हणजे नसांच्या दुखण्याची खूण आहे. तिथे डायक्लोफेनॅक गोळीतून द्या की सुईतून, फरक थोडाच पडतो. त्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन अशी वेगळ्या जातीची औषधं लागतात आणि त्यांचा गुण यायला काही दिवस ते आठवडे जातात. हे आधी न सांगितल्यामुळे कितीतरी रुग्ण चौथ्या दिवशी औषध सोडून देतात.

मार्ग ठरवताना

चार गोष्टी स्वतःला विचारा. उतार किती लवकर हवा आहे? तो किती तास टिकायला हवा? गिळता येतं का, उलट्या होत आहेत का, रुग्ण शुद्धीवर आहे का? आणि रात्री दोन वाजता औषध देणारं घरात कोण आहे?

चौथा प्रश्न दवाखान्यात क्वचितच विचारला जातो, पण घरी गेल्यावर सगळं त्याच्यावर अडतं. कोथरूडमध्ये दोघंच राहणारे आजी-आजोबा, मुलं परदेशी: त्यांना दर सहा तासांनी सुई लिहून देण्यात अर्थ नाही. हडपसरहून बसनं ड्रेसिंगला येणाऱ्याला निघण्याआधी पाऊण ते एक तास गोळी घेता आली पाहिजे, कारण खरं दुखणं बसच्या धक्क्यांत आणि ड्रेसिंग काढताना होतं.

तोंडानं घ्यायची गोळी

गिळता येत असेल तर पहिली पसंती गोळीलाच. जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 साली कर्करोगाच्या वेदनेसाठी जी पद्धत मांडली तिच्यात 'तोंडावाटे' आणि 'घड्याळाप्रमाणे' ही दोन सूत्रं होती आणि ती आजही लागू आहेत. टोचणं नाही, घरी घेता येते, डोस कमी-जास्त करता येतो आणि ताबा रुग्णाच्या हातात राहतो.

गोळीबद्दल नाराजी येते ती बहुतेक वेळा वेळ चुकल्यामुळे. साधी पॅरासिटामॉल अर्ध्या ते एका तासात काम करू लागते. आवरण असलेली डायक्लोफेनॅक पोटात विरघळत नाही, पुढे आतड्यात जाऊन विरघळते. तिचा पूर्ण गुण यायला दोन तासांच्या आसपास लागतात, भरल्या पोटी त्याहून जास्त. पंधरा मिनिटांत फरक नाही म्हणून रुग्ण दुसरी घेतो आणि मग दोन्ही एकदम लागतात.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळेला गोळी घ्यावी, दुखायची वाट पाहू नये. दुखणं 8 वर गेल्यावर ते खाली आणायला जास्त औषध आणि जास्त वेळ लागतो. "दुखलं तर घ्या" असं लिहिलं असेल तर दोन गोष्टी विचारून घ्या: दोन गोळ्यांत किमान किती अंतर, आणि दिवसाला जास्तीत जास्त किती.

पॅरासिटामॉलचा हिशेब प्रत्येक घरात करायला हवा. निरोगी प्रौढासाठी 24 तासांत कमाल मर्यादा 4 ग्रॅम आहे. वजन कमी असेल, यकृत बिघडलेलं असेल किंवा दारूचं सेवन असेल तर डॉक्टर ती बरीच खाली आणतात. आता एक नेहमीचं उदाहरण घ्या. तापासाठी 650 ची गोळी दिवसातून तीनदा, म्हणजे 1950 मिलिग्रॅम. पाठदुखीसाठी अ‍ॅसिक्लोफेनॅक 100 आणि पॅरासिटामॉल 325 अशी जोडगोळी दोनदा, म्हणजे 650. सर्दीसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी, तिच्यात 500, तीनदा, म्हणजे 1500. बेरीज 4100. तिन्ही पाकिटांवर नावं निराळी, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पाकीट उलटं करून बारीक अक्षरांतला घटक वाचायची सवय लावा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही औषधं एका जातीची आहेत. यातली दोन एकत्र घेऊन आराम दुप्पट होत नाही. पोटात रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला इजा यांचा धोका मात्र वाढतो. मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, पूर्वी झालेला अल्सर, रक्त पातळ करण्याची गोळी किंवा गर्भारपण असेल तर ही औषधं स्वतःच्या मनानं घेऊच नयेत. संकष्टी किंवा एकादशीचा उपास असेल तर नुसत्या चहावर ही गोळी गिळू नका. थोडी भगर, ताक, काहीतरी पोटात जाऊ द्या, किंवा त्या दिवशी पॅरासिटामॉल चालेल का हे डॉक्टरांना विचारा. पालखीच्या वाटेवरही हे सांगावंसं वाटतं: दिवसभर उन्हात चालून अंगातलं पाणी कमी झालेल्या वारकऱ्याला पाय दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक देणं मूत्रपिंडावर भार टाकणारं आहे. आधी पाणी आणि ओआरएस, पायांना विश्रांती, आणि गरज असेल तर पॅरासिटामॉल.

गोळी घेताना उठून बसायचं, अर्धा-पाऊण पेला पाणी प्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही. नावापुढे 'एसआर' असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, किंवा आवरणाची गोळी कुटायची नाही, फोडायची नाही. नाकातून नळी घातलेल्या रुग्णाला घरची माणसं सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून देतात. त्यात बारा तास पुरणारी मॉर्फिनची (तीव्र वेदनेवरचं जोरदार औषध) गोळी असेल तर बारा तासांचा डोस एकदम अंगात जातो. नळी असेल तर पातळ औषध किंवा विरघळणारी गोळी मागून घ्या.

सुईचा आग्रह

"डॉक्टर, एक इंजेक्शन देऊन टाका" हे वाक्य पेठेतल्या छोट्या दवाखान्यापासून मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीपर्यंत ऐकू येतं. सुई घेतली की काहीतरी ठोस उपचार झाले असं वाटतं आणि त्या वाटण्यानंही थोडा आराम पडतो. तेवढ्यापुरता रुग्ण समाधानी होऊन घरी जातो. पण सहा-आठ तासांनी औषध उतरतं, तेव्हा पुढे काय घ्यायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सुईची खरी गरज असते ती उलट्या थांबत नसताना, मुतखड्याच्या असह्य कळांमध्ये, हाड मोडल्यावर, किंवा तोंडानं काही देता येत नसताना. कंबर धरली, गुडघा दुखतो, दात ठणकतो यासाठी रोज सुई घेणं आम्हाला चुकीचं वाटतं. गोळी गिळता येत असेल तर एक-दोन तासांनंतर दोन्हींतला फरक फारसा उरत नाही आणि सुईचे धोके जादा पदरात पडतात.

ते धोके खरे आहेत. ढुंगणाच्या चुकीच्या भागात सुई गेली तर पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेला इजा होऊन पाऊल लुळं पडू शकतं. स्वच्छता नसेल तर गळू होतो. क्वचित टोचलेल्या जागेची कातडी काळीनिळी पडून मांस कुजतं. सुई टोचताना विजेसारखी कळ पायात गेली तर लगेच "थांबा" म्हणा. त्याच जागी औषध पुढे ढकलू देऊ नका. सुई आणि सिरिंज नवी, तुमच्या समोर पाकीट फोडून घेतलेली असावी, आणि डायक्लोफेनॅक दुसऱ्या औषधात मिसळून एकाच सिरिंजमधून देऊ नये. या सुईची दिवसाची कमाल मर्यादा 150 मिलिग्रॅम, म्हणजे 75 च्या दोन, आणि तीही दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. पुढे गोळीवर यायचं.

पावसाळ्यात एक पथ्य कडक पाळा. जुलै ते नोव्हेंबर या काळात पुण्यात डेंग्यू आणि चिकुनगुनिया दोन्ही असतात. 2024 साली चिकुनगुनियानं शहराला चांगलंच छळलं. ताप आणि सांधे धरले म्हणून दवाखान्यात गेल्यावर डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन घेऊ नये आणि मांसात सुई तर मुळीच घेऊ नये. डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या असतात, टोचलेल्या जागी आत रक्त साकळतं. तोवर पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. सांधे कितीही दुखले तरी हे दोन-तीन दिवस काढावे लागतात, आणि "या कारणासाठी सुई देत नाही" असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं तर रुग्ण ते समजून घेतात.

शिरेतून, पंपातून, पाठीतून

सलाईनमधून पॅरासिटामॉल देतात ते 100 मिलिलिटरच्या बाटलीत 1 ग्रॅम, साधारण 15 मिनिटांत. वजन 50 किलोपेक्षा कमी असेल तर पूर्ण बाटली द्यायची नसते. किलोमागे 15 मिलिग्रॅम हा हिशेब. 40 किलोच्या आजींना 600 मिलिग्रॅम, म्हणजे 60 मिलिलिटर. त्यांचं वजन केसपेपरवर लिहिलं आहे का, एवढं नातेवाइकांनी बघावं. रुग्ण पाणी पिऊ लागला की तेच औषध गोळीतून घेतलं तरी आराम जवळपास तेवढाच पडतो आणि हाताची सुई लवकर निघते. ट्रामाडॉल शिरेतून भरकन दिलं तर मळमळ आणि चक्कर येते. "सिस्टर, जरा सावकाश द्या" असं सांगायला संकोच करू नका.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णालयांत रुग्णानं स्वतः बटण दाबायचा पंप लावतात. दाबलं की ठरलेला छोटा डोस शिरेत जातो, मॉर्फिन असेल तर बहुधा 1 मिलिग्रॅम. त्यानंतर 5 ते 10 मिनिटं पंप कुलूपबंद राहतो; त्या वेळात कितीही दाबलं तरी औषध जात नाही. सिस्टर येऊन सुई देण्याच्या पद्धतीशी तुलना केलेल्या अभ्यासांत या पंपानं दुखणं थोडं जास्त कमी होतं आणि रुग्ण जास्त समाधानी असतात, असं दिसलं आहे. त्याचबरोबर औषध थोडं जास्त वापरलं जातं आणि अंगाला खाज जास्त सुटते, हेही दिसलं आहे. समाधानाचं कारण उघड आहे: कुणाची वाट पाहावी लागत नाही, कुणापुढे गयावया करावी लागत नाही.

पंप वापरायचा तो असा. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच तो कसा चालतो ते समजून घ्या. भूल उतरताना काही कळत नाही. दुखणं 4 च्या वर जाऊ लागलं की दाबा, 8 होईपर्यंत थांबू नका. फिजिओथेरपिस्ट यायच्या किंवा उठून बसायच्या 5-10 मिनिटं आधी दाबा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: बटण फक्त रुग्णानंच दाबायचं. तो झोपेत कण्हतो म्हणून आई किंवा बायको दाबते, प्रेमापोटीच दाबते, पण तिथेच अपघात होतात. गुंगी वाढली की रुग्णाचा हात आपोआप थांबतो, ही या पंपाची सुरक्षा आहे. दुसऱ्यानं दाबलं की ती निघून जाते.

पाठीतल्या बारीक नळीतून दिलेल्या औषधानं पोटाच्या आणि छातीच्या शस्त्रक्रियेनंतर फार चांगला आराम पडतो. पाय जड होणं, लघवी अडणं, रक्तदाब उतरणं हे त्याचे त्रास. पहिल्यांदा उभं राहताना दोघांचा आधार हवाच. पायातली ताकद वाढण्याऐवजी कमी होऊ लागली किंवा पाठीत नवीन दुखू लागलं तर त्याच क्षणी कळवा.

हाताच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला नस बधिर करतात तेव्हा पहिले काही तास, कधी पूर्ण दिवसभर, काहीच दुखत नाही. रुग्ण खूश असतो आणि गोळ्या नको म्हणतो. मग मध्यरात्री बधिरपणा उतरतो आणि दुखणं एकदम कोसळतं. म्हणून मुंग्या येऊ लागल्या, बोटं हलू लागली की लगेच पहिली गोळी घ्या, आणि झोपण्याआधीची गोळी दुखत नसलं तरी चुकवू नका. बधिर हातापायाजवळ गरम पाण्याची पिशवी नेऊ नका. भाजलेलं कळणार नाही.

गुदमार्गाची कांडी

आपल्याकडे रुग्ण लाजतात आणि या मार्गाचं नाव काढलं की नाही म्हणतात. पण सतत उलट्या होणारा रुग्ण, तोंड आलेला कर्करोगाचा रुग्ण, तापानं फणफणलेलं आणि औषध थुंकणारं मूल यांच्यासाठी ही कांडी, म्हणजे सपोझिटरी, सुईपेक्षा सोपी आणि बिनटोचणीची आहे. साधारण एका तासात गुण येतो. संकोच दूर करण्याचा उपाय म्हणजे आधी सांगणं, पडदा लावणं आणि रुग्णाला जमत असेल तर स्वतः ठेवू देणं. भुलीत असताना ती ठेवणार असतील तर तेही शस्त्रक्रियेआधी सांगून संमती घ्यायला हवी.

पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात कांडी कपाटात मऊ पडते. फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका. शौचाला जाऊन या. डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घ्या, कांडीला थोडं पाणी लावा आणि बोटानं आतल्या आवळलेल्या कड्याच्या पलीकडे जाईपर्यंत सरकवा. अलीकडे राहिली तर बाहेर येते, आणि "लागू पडत नाही" ही तक्रार त्यातूनच निघते. ती मळात खुपसली गेली तरी औषध शोषलं जात नाही. आतड्याच्या भिंतीला टेकली पाहिजे. मग दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. जुलाब किंवा गुदद्वाराची जखम असेल, किंवा प्लेटलेट कमी असतील तर हा मार्ग नको.

जेल किती लावायचं

गुडघ्याच्या संधिवातात डायक्लोफेनॅक जेलबद्दल लोक म्हणतात, "नुसता थंडावा, बाकी काही नाही." बहुतेकांनी लावलेलं असतं हरभऱ्याएवढं. 1 टक्का जेलची गुडघ्यासाठी मात्रा एका वेळी 4 ग्रॅम, दिवसातून चार वेळा अशी आहे. हाताच्या किंवा कोपराच्या सांध्याला 2 ग्रॅम. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी जेलची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो, म्हणजे एका गुडघ्याला अशा आठ रेघा. या हिशेबानं 30 ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांतही संपते. खर्चाचा विचार करूनच हा मार्ग निवडावा आणि निवडला तर पूर्ण मात्रेत लावावा.

अपेक्षाही बेताची ठेवा. सहा ते बारा आठवड्यांच्या अभ्यासांत शंभरातल्या साठेक जणांचं गुडघेदुखीचं प्रमाण निम्म्यावर आलं. नुसतं औषधाविना मलम लावणाऱ्यांतही पन्नासेक जणांना तेवढा फरक पडला. फायदा लहान आहे, पण रक्तात औषध फार थोडं जातं, त्यामुळे पोट आणि मूत्रपिंड नाजूक असलेल्या सत्तरीपुढच्या माणसांसाठी आधी जेलच वापरून बघावं. जखमेवर लावू नका, वर गरम पिशवी किंवा घट्ट पट्टा नको, लावल्यावर हात धुवा.

चिकटपट्ट्या

'पेन पॅच' या एकाच नावाखाली चार निरनिराळी औषधं येतात आणि दिसायला ती सारखी असतात, म्हणून पाकिटावरचं औषधाचं नाव वाचल्याशिवाय लावू नका. डायक्लोफेनॅकची पट्टी सहसा 24 तासांची. लिडोकेन 5 टक्क्यांची पट्टी नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या आगीसाठी. 12 तास लावायची आणि 12 तास काढून ठेवायची. ब्युप्रेनॉर्फिनची 7 दिवस. फेंटानिलची 72 तास.

शेवटची सगळ्यांत जोरदार आणि सगळ्यांत धोक्याची. जे आधीपासून मॉर्फिनसारखं औषध नियमित घेत आहेत आणि ज्यांचं दुखणं स्थिर आहे त्यांच्यासाठीच ती आहे. शेजाऱ्यांच्या घरी उरलेली पट्टी फ्रॅक्चरच्या दुखण्याला लावली तर श्वास थांबू शकतो. लावल्यावर गुण यायला 12 ते 24 तास जातात, तोवर आधीचं औषध डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवावं लागतं. हे न सांगितल्यामुळे पहिली रात्र वाईट जाते आणि घरचे लोक पट्टीला दोष देतात. काढल्यावरही कातडीत साठलेलं औषध पुढचे सतरा तास किंवा जास्त झिरपत राहतं. गुंगी आली म्हणून पट्टी काढली आणि निश्चिंत झालो, असं होत नाही.

लावायची रीत:

1. छातीचा वरचा भाग, दंडाची बाहेरची बाजू किंवा पाठ निवडा. गोंधळलेल्या रुग्णाला पाठीवर लावा, म्हणजे ओढून काढत नाही.
2. केस कात्रीनं कापा, वस्तरा फिरवू नका. नुसत्या पाण्यानं पुसा. साबण, तेल, पावडर काही नको. पूर्ण कोरडं होऊ द्या.
3. पट्टी कापू नका. लावून तळहातानं 30 सेकंद दाबा, कडा नीट बसवा.
4. तारीख आणि वेळ लिहा. पुढची पट्टी दुसऱ्या जागी लावा. जुनी आधी काढा.
5. काढलेल्या पट्टीतही औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडा, पाकिटात घाला आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. जिथून औषध मिळतं तिथे परत द्या.

घामानं कडा सुटत असतील तर वरून पारदर्शक ड्रेसिंग लावता येतं. गरम पाण्याची पिशवी, शेक, उन्हात बसणं आणि मोठा ताप यांनी औषध वेगानं अंगात जातं. तापात रुग्ण जास्त झोपाळू वाटला तर लगेच फोन करा.

मॉर्फिनची गोळी

कर्करोगाच्या रुग्णांच्या घरी मॉर्फिनचं नाव निघालं की "म्हणजे शेवट आला का?" असा प्रश्न येतो. तसं नाही. चांगला डोस बसलेला रुग्ण चालतो, जेवतो, नातवंडांशी बोलतो. साधी गोळी चार तास पुरते, म्हणून सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 असं वेळापत्रक देतात. रात्रीचा डोस बऱ्याचदा दुप्पट, म्हणजे दोन वाजता उठावं लागत नाही. मध्येच दुखणं उसळलं तर जादा डोस, सहसा दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा भाग. दिवसाला 60 मिलिग्रॅम चालू असेल तर 10. असे जादा डोस दिवसातून तीन-चारदा लागू लागले तर मूळ डोस वाढवायची वेळ आली आहे, हे डॉक्टरांना कळवा.

बद्धकोष्ठ पहिल्या दिवसापासून होतं आणि सवयीनं जात नाही. रेचक मॉर्फिनबरोबरच सुरू झालं पाहिजे. चिठ्ठीवर नसेल तर मागून घ्या. मॉर्फिन सोडणाऱ्या रुग्णांत कितीतरी जण पोट साफ न झाल्यामुळे सोडतात. मळमळ आठवडाभरात आणि गुंगी दोन-तीन दिवसांत बहुधा कमी होते.

हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी ते ठरावीक ठिकाणीच असतं. पुण्यात वारज्याला सिपलाचं वेदनाशामक उपचार केंद्र 1997 पासून कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य सेवा देतं. शेवटच्या टप्प्याची वाट न पाहता, दुखणं आटोक्यात येत नाही असं दिसताच तिथे किंवा तुमच्या रुग्णालयातल्या अशा विभागात विचारावं. गोळ्या संपायच्या पाच-सहा दिवस आधी पुढची सोय करा. सुट्ट्या लागून आल्या की अडचण होते.

लहान मुलांचं पातळ औषध

पॅरासिटामॉलच्या थेंबांत 1 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतं. सिरप मिळतं 5 मिलिलिटरला 125 किंवा 250 अशा ताकदीचं. 10 किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम द्यायचं तर थेंब दीड मिलिलिटर, 125 चं सिरप 6 मिलिलिटर, 250 चं 3 मिलिलिटर. कुणी थेंबांच्या बाटलीतून 6 मिलिलिटर दिलं तर चौपट औषध जातं. म्हणून बाटलीवरची ताकद मोठ्यानं वाचा, सोबतच्या टोपीनं किंवा सिरिंजनं मोजा, घरातला चमचा वापरू नका. सिरिंज जिभेवर न रोखता गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. दोन डोसांत निदान चार तास.

वही, आणि डिस्चार्जच्या दिवशी विचारायचं

साध्या वहीत सहा रकाने पुरतात: वेळ, आकडा पडून, आकडा हलताना, औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम, एका तासानंतरचा आकडा, त्रास. एक ओळ अशी दिसेल: "सकाळी 7, पडून 4, उठताना 7, पॅरासिटामॉल 650, 8 वाजता पडून 2 आणि उठताना 4, त्रास नाही." तीन दिवसांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली की मान हलवून वेळ मारून न्यायची गरज उरत नाही. शेवटी एक ओळ पद्धतीबद्दल लिहा: मागितल्यापासून औषध मिळायला किती मिनिटं लागली, हाच मार्ग पुन्हा चालेल का, नसेल तर का. "सुई नको, हात सुजतो" किंवा "पट्टी बरी, पण खाज येते" एवढं लिहिलं तरी डॉक्टरांना मार्ग बदलता येतो.

मार्ग बदलताना डोस तोच राहत नाही. तोंडावाटे 30 मिलिग्रॅम मॉर्फिनचं काम शिरेतून सुमारे 10 मिलिग्रॅम करतं. म्हणून सलाईनवरून गोळीवर आल्यावर आकडा मोठा दिसला तर घाबरू नका, आणि उलट बाजूनं स्वतःच्या मनानं तोच आकडा लावू नका.

घरी निघताना चिठ्ठीवर लिहून घ्या: कोणतं औषध ठरलेल्या वेळी, कोणतं दुखलं तरच, दिवसाची कमाल मात्रा, कोणतं आधी बंद करायचं, रुग्णालयात शेवटचा डोस किती वाजता दिला, आणि रात्री फोन कुणाला करायचा. ही शेवटच्या डोसची वेळ सांगायची राहून जाते आणि घरी पोहोचताच दुहेरी डोस दिला जातो.

मॉर्फिन, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन किंवा ट्रामाडॉल चालू असलेला रुग्ण हलवून उठत नसेल, श्वास मिनिटाला दहाच्या खाली गेला असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर पुढचा डोस देऊ नका, अंगावर पट्टी असेल तर काढा, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणं, चेहऱ्याला सूज किंवा धाप लागणं हे दुखण्याच्या इतर गोळ्यांनंतर दिसलं तरी औषध थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, आणि जाताना औषधाची पाकिटं व वही बरोबर न्यायची.